पावसाआधी वायपरची ब्लेडं घरीच बदला: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

जून महिना होता. पुण्याहून दापोलीला निघाले होते, शेजारी आई बसलेली. ताम्हिणीत पाऊस असा कोसळायला लागला की पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा मधूनमधून नाहीसे व्हायचे. नेमकं तेव्हाच माझ्या बाजूच्या वायपरचं रबर एका टोकाला फ्रेममधून निसटलं. चार-पाच फेऱ्या होतात न होतात तोच उघडा पत्रा काचेवर करकरायला लागला. आई घाबरून दाराच्या मुठीला धरून बसली. कसंबसं एका चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली. तिथे एक वडापची जीप थांबली होती. तिचा चालक हातातला ग्लास खाली ठेवून आला, वायपरकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "ताई, डावीकडचं काढून उजवीकडे लावू. माणगावला दुकानात नवीन मिळेल." त्याने ब्लेड आडवं फिरवलं, अंगठ्याने काहीतरी दाबलं, खाली ओढलं आणि ते हातात आलं. मग ते माझ्या बाजूला चढवलं. रिकाम्या डाव्या आर्मला, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांड्याला, माझ्याच गाडीतलं फडकं घट्ट गुंडाळून बांधलं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं लागली असतील.

काचेवर उजव्या हाताला केसाएवढा अर्धगोल ओरखडा आजही आहे. रात्री समोरून गाडी आली की चमकतो.

तेव्हापासून दर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी हे काम स्वतः करते आणि इमारतीतल्या बऱ्याच जणांना शिकवलंही आहे. शिकवताना एक लक्षात आलं. ब्लेड बसवणं सगळ्यांना पटकन जमतं. गोंधळ होतो तो त्याआधी, दुकानात. लांबी चुकते, नाहीतर हुक जुळत नाही. म्हणून खाली खरेदीच्या आधीच्या गोष्टी जरा सविस्तर लिहिल्या आहेत. त्या घाईने वाचू नका.

बदलायची वेळ झाली आहे का?

रबराचा शत्रू पाऊस नसून ऊन आहे. मार्च ते मे वायपर कोणी वापरत नाही, पण त्या तीन महिन्यांत रबर तापलेल्या काचेवर एकाच कुशीवर पडून राहतं आणि उन्हाने कडक होतं. पहिला मोठा पाऊस आला की मग सगळं उघडं पडतं. गाडी आंब्याखाली उभी राहत असेल तर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांची चिकटी काचेवर आणि रबरावर बसते, त्यावर धूळ चिकटते आणि धार खराब होते.

ओळखायचं कसं? इंजिन बंद ठेवून आर्म हलकेच उचला आणि रबराच्या धारेवरून बोट फिरवा. चांगलं रबर मऊ, सलग लागतं आणि सहज दोन्हीकडे वाकतं. खराब रबर बोटाला करवतीसारखं लागतं, बारीक चिरा दिसतात, कधी कधी टोकाशी फाटलेलं असतं. काचेवर पाणी मारून वायपर चालवल्यावर प्रत्येक फेरीत त्याच जागी रेघ राहत असेल, खडखड उड्या मारत पुसत असेल किंवा डोळ्यांसमोरचा एखादा पट्टा ओलाच राहत असेल, तर वाट बघू नका.

आपल्याकडच्या उन्हात वर्षाला एक जोडी हा हिशेब धरून चाला. जोडीच बदला. "डावं अजून चांगलं आहे" म्हणून ठेवलेलं डावं ब्लेड ऑगस्टमध्ये हमखास दगा देतं आणि डावीकडच्या वळणावर दिसायला तेच लागतं.

१. लांबी मोजा, दोन्ही बाजूंची वेगवेगळी

बहुतेक गाड्यांत चालकाच्या बाजूचं ब्लेड लांब आणि शेजारचं आखूड असतं. दोन्ही सारखीच समजून एकाच मापाची जोडी आणणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक.

ब्लेड काचेवर टेकलेलं असतानाच शिवणकामाची टेप रबराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरा. फ्रेम मोजू नका, रबर मोजा. माप इंचात लिहून ठेवा: उजवं इतकं, डावं इतकं, मागचं इतकं. गाडीसोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत माप दिलेलं असेल तर तेही पडताळून बघा. गाडी जुनी घेतली असेल तर फक्त जुन्या ब्लेडवर विसंबू नका, कारण आधीच्या मालकाने चुकीच्या मापाचं बसवलेलं असू शकतं.

ऑनलाइन मागवताना खोक्यावर माप मिलिमीटरमध्ये दिसतं. १६ इंचाला ४००, २० इंचाला ५००, २४ इंचाला ६०० असं गोल करून छापलेलं असतं. हिशेबाने २४ इंच म्हणजे ६१० मिमी होतात, पण तेवढ्या फरकाने घाबरायचं कारण नाही.

"एक इंच मोठं घेतलं तर जास्त काच पुसली जाईल ना?" हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. नको. मोठं ब्लेड एकतर काचेच्या कडेच्या खांबावर आपटतं, नाहीतर मधे दुसऱ्या ब्लेडला धडकतं, आणि मोटरवर ताण येतो तो वेगळाच. मापाचं मिळतच नसेल तर अर्धा-एक इंच लहान चालेल, मोठं नाही.

२. आर्मचं टोक बघा आणि फोटो काढा

ही पायरी गाळली तर दुकानात दुसरी फेरी ठरलेली.

ज्या दांड्याला ब्लेड जोडलेलं असतं तो आर्म. त्याच्या टोकाकडे नीट बघा. आपल्याकडच्या मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्रा, टोयोटा, होंडा अशा बहुतेक गाड्यांत आर्मचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळवलेलं असतं. याला दुकानदार यू हुक किंवा नुसतं हुक म्हणतात. तुमचं असं असेल तर बाजारातलं जवळपास कुठलंही योग्य मापाचं ब्लेड बसेल.

आर्मचं टोक सरळ, चौकोनी असेल आणि जोडावर दाबायचं बटण असेल किंवा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचे कान असतील, तर ती वेगळी जात. फोक्सवॅगन, स्कोडा आणि इतर युरोपीय गाड्यांत अशी टोकं बऱ्याचदा दिसतात. काही गाड्यांत आर्मच्या कडेला आडवी पिन असते. यांना साधं हुकवालं ब्लेड बसत नाही, त्याच प्रकारचा अडॅप्टर, म्हणजे ब्लेड आर्मला जोडणारा तुकडा, लागतो.

जोडाचे दोन फोटो काढा, एक वरून आणि एक कडेने, दोन्ही जवळून. दुकानात गाडीचं नाव, मॉडेल, वर्ष सांगा आणि फोटो दाखवा. एकाच नावाच्या गाडीचं नवं मॉडेल आलं की माप आणि हुक दोन्ही बदलू शकतात, म्हणून नुसतं गाडीचं नाव पुरेसं नाही. मला एका दुकानात "सगळ्यांना हेच बसतं" म्हणून जे दिलं होतं ते माझ्या आर्ममध्ये शिरलंच नाही, आणि खोकं फाडल्यामुळे परतही घेतलं नाही. तेव्हापासून खोकं दुकानातच उघडून अडॅप्टर फोटोशी ताडून बघते आणि बिल जपून ठेवते.

३. कोणत्या प्रकारचं घ्यायचं?

तीन प्रकार मिळतात. पहिलं साधं, पत्र्याच्या सांगाड्याचं. स्वस्त असतं आणि सगळीकडे मिळतं, पण सांगाड्याच्या सांध्यांत धूळ-गंज बसला की दाब सगळीकडे सारखा पडत नाही. दुसरं फ्लॅट, म्हणजे सांगाडा नसलेलं. आत स्प्रिंगसारखी वाकलेली पोलादी पट्टी असते, ती रबराला सगळीकडे सारखं दाबते, आणि वेगात वाऱ्याने ब्लेड उचललं जात नाही. तिसरं हायब्रिड, म्हणजे आत सांगाडा आणि वर प्लास्टिकचं आवरण.

घाटातून, एक्सप्रेसवेवरून नेहमी जाणं-येणं असेल तर फ्लॅट घ्या, असं माझं मत आहे. गाडी शहरातच फिरत असेल तर चांगल्या कंपनीचं साधं ब्लेड पुरेसं आहे. किंमत साधारण काही शेकड्यांपासून दीड-दोन हजारांपर्यंत जाते. सगळ्यांत महाग तेच सगळ्यांत चांगलं असं मला तरी आढळलेलं नाही. रस्त्याच्या कडेला सिग्नलला मिळणारं बिननावाचं मात्र घेऊ नका. त्याचं रबर एका पावसाळ्यातही टिकत नाही.

सांगाडा धड असेल तर नुसतं रबरही मिळतं. ते जुन्या खाचेतून सरकवून बदलता येतं आणि फार स्वस्त पडतं. पण रबराच्या दोन्ही कडांना ज्या बारीक पोलादी पट्ट्या असतात, त्यांची वाकण आणि खाच जशी होती तशीच परत बसवावी लागते. पहिल्यांदा करताय तर पूर्ण ब्लेडच बदला, रबर पुढच्या वर्षी.

४. हे जवळ ठेवा

- नवी ब्लेडं आणि त्यांच्यासोबत आलेले सगळे अडॅप्टर
- जाड टॉवेल किंवा घडी घातलेली जुनी सतरंजी
- दोन स्वच्छ सुती फडकी
- गाडीचा शाम्पू किंवा काच पुसायचा स्प्रे
- पाण्याची बादली
- एक टाचणी
- फोन, काढण्याआधीचा फोटो काढायला

स्क्रूड्रायव्हर सहसा लागत नाही. जोर लावावा लागतोय असं वाटलं, तर आपण चुकीच्या जागी दाबतोय असं समजा.

५. गाडी तयार करा

सावलीत, सपाट जागी उभी करा. इग्निशन बंद. स्टिअरिंगजवळची वायपर चालू करायची दांडी ऑटोवर राहिलेली नाही ना, हे आवर्जून बघा. पाऊस ओळखणारा सेन्सर असलेल्या गाड्यांत इग्निशन चालू राहिलं आणि दांडी ऑटोवर असली, तर ओल्या फडक्याने काच पुसतानाच आर्म सुटतो आणि बोटं सापडतात.

काही गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली लपलेले असतात. ते तसेच उचलले तर बॉनेटचा रंग खरवडतो. अशा वेळी वायपर चालू करून ते काचेच्या मध्यावर आले की इग्निशन बंद करा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच मॉडेलांत इग्निशन बंद केल्याबरोबर लगेच वायपरची दांडी एकदा खाली दाबली की आर्म आपोआप उभे राहतात. नेमकी रीत पुस्तिकेत "सर्व्हिस पोझिशन" या नावाखाली सापडेल.

आणि आर्म उभे असताना बॉनेट उघडू नका.

६. जुनं काढा, पण आधी काचेवर टॉवेल

आर्मच्या मुळाशी ताकदीची स्प्रिंग असते. ब्लेड काढलं की टोकाला उघडं लोखंड राहतं. अशा वेळी आर्म हातून निसटला तर तो हातोडीसारखा काचेवर बसतो. माझ्या मावसभावाच्या गाडीला असाच कोपऱ्यातून तडा गेला. चारपाचशेच्या ब्लेडपायी काच बदलायचा हजारोंचा खर्च. म्हणून टॉवेलची जाड घडी काचेवर, आर्म जिथे पडेल बरोबर तिथे, आधी अंथरा. वारा असेल तर एका हाताने आर्म धरूनच ठेवा.

यू हुकचं ब्लेड असं काढा:

आर्म काचेपासून पूर्ण उभा करा. एक आर्म दुसऱ्याला अडत असेल तर जो वर आहे तो आधी उचला आणि परत ठेवताना शेवटी ठेवा. आता ब्लेड आर्मला काटकोनात आडवं फिरवा. हुकच्या वळणाच्या आत प्लास्टिकची क्लिप दिसेल, तिला एक छोटी जीभ असते. ती जीभ अंगठ्याने दाबून धरा आणि ब्लेड खाली, म्हणजे बॉनेटच्या दिशेने, आर्मच्या मुळाकडे ओढा. वर ओढू नका! सगळे इथेच अडतात, कारण मन म्हणतं वर ओढून निघेल. हुकचं तोंड खाली उघडतं, त्यामुळे क्लिप खालीच सुटते. सुटल्यावर ब्लेड जरा तिरकं करून हुक त्याच्या फटीतून बाहेर काढा.

वर्षभराच्या धुळीने क्लिप घट्ट झाली असेल तर तिथे थोडं पाणी सोडा, दोन मिनिटं थांबा, मग परत करा. बटणवालं असेल तर बटण दाबून ब्लेड आर्मच्या टोकाच्या दिशेने सरळ बाहेर ओढायचं. चिमटीच्या कानांचंही तसंच.

आर्म अलगद टॉवेलवर टेकवा. दोन्ही ब्लेडं एकदम काढू नका. एक काढा, बसवा, मग दुसरं. अडलात तर नमुना समोर राहतो.

७. काच धुवा, खरंच धुवा

नवीन ब्लेड लावूनही रेघा राहतात अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या काचेवर तेलकट थर असतो. गाड्यांचा धूर, रस्त्यावरून उडालेलं तेल, धुलाईवाल्याने फासलेलं पॉलिश, आंब्याची चिकटी असं सगळं मिळून तो बनतो. दिवसा दिसत नाही, पण ओल्या काचेवर रात्री समोरचा दिवा पसरतो तो त्याच्यामुळेच.

शाम्पूच्या पाण्याने काच वरपासून खालपर्यंत चोळून धुवा. वायपर जिथे विसावतात त्या खालच्या खोबणीतली पानं, माती काढून टाका. साफ पाण्याने धुवून पाण्याचा पातळ थर काचेवर राहू द्या. पाणी सलग चादरीसारखं उतरलं तर काच स्वच्छ आहे. मधेच तुकडे पडून गोळा होत असेल तर तेल अजून आहे, परत धुवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून फडक्याने चोळा आणि लगेच धुवून टाका. काथ्या, घासणी, कपड्याची पावडर यांतलं काहीही काचेला लावू नका.

याच वेळी आर्मच्या सांध्याकडे बघा. कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांत तिथली स्प्रिंग गंजते आणि दाब कमी होतो. मग ब्लेड कितीही नवं असो, वेगात ते काच सोडतं. स्प्रिंग पार ढिली वाटली तर गॅरेजमध्ये दाखवा.

८. नवीन बसवा

नव्या रबराच्या धारेवर प्लास्टिकची पारदर्शक किंवा रंगीत पट्टी असते. ती काढा. ती तशीच ठेवून गाडी चालवणारे मी पाहिले आहेत, आणि मग "नवीन ब्लेड पुसतच नाही" म्हणतात. रबराच्या धारेला बोटं लावू नका, तिच्यावर बहुधा बारीक काळी भुकटी असते, ती सुळसुळीतपणासाठी असते.

लांब ब्लेड चालकाकडे, आखूड शेजारी, हे एकदा मोठ्याने म्हणा. मग हुक ब्लेडच्या फटीतून घाला, क्लिप हुकच्या वळणात बसेल असं धरा आणि ब्लेड वर, आर्मच्या टोकाच्या दिशेने ओढा. "टक" असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर बसलं नाही. फ्लॅट ब्लेडच्या अडॅप्टरवर अनेकदा एक झाकण असतं. ते उघडून हुक बसवायचा आणि झाकण परत दाबून बंद करायचं. ते उघडं राहिलं तर ब्लेड चालत्या गाडीतून उडून जाऊ शकतं.

वाऱ्याला दाबणारा उतार असलेलं ब्लेड असेल तर विसावलेल्या स्थितीत त्या उताराची पातळ कड बॉनेटकडे यायला हवी. उलटं बसलं तर वारा ब्लेडला दाबण्याऐवजी उचलतो.

बसलं की ब्लेड धरून हलकेच खाली-वर ओढून बघा. निघत नसेल तर टॉवेल काढा आणि आर्म हाताने धरून अलगद काचेवर टेकवा. सोडून देऊ नका.

९. पाणी मारून तपासा

कोरड्या काचेवर वायपर चालवू नका, पहिल्याच फेरीत धार खराब होते. आधी वॉशरचं पाणी मारा, मग हळू वेगात दहा फेऱ्या, नंतर जोरात दहा. ब्लेडं एकमेकांना लागतायत का, खांबावर आपटतायत का, कुठे पट्टा सुटतोय का, बघा.

प्रत्येक फेरीच्या शेवटी रबराची धार कूस बदलते, जाताना एकीकडे कलते आणि येताना दुसरीकडे. नव्या रबरात हे अगदी हलक्या "थप" आवाजाने होतं, तो दोष नाही. खडखड उड्या मारत असेल तर काच परत धुवा. तरीही थांबलं नाही तर आर्म किंचित पिळलेला असतो आणि रबर काचेला काटकोनात टेकत नाही. तो पकडीने स्वतः वाकवू नका, मेकॅनिकला सांगा. फक्त एक बारीक रेघ राहत असेल तर धारेवर कचरा अडकलाय, ओल्या फडक्याने पुसा.

वॉशरच्या नोझलमधून पाणी येत नसेल किंवा भलतीकडे उडत असेल तर टाचणीने भोक साफ करा. टाकी भरताना झाकणावर काच आणि फवाऱ्याचं चिन्ह आहे ना, ते बघूनच ओता. शेजारीच इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची टाकी असते आणि तिच्यात साबणाचं पाणी गेलं की काम वाढतं. टाकीत गाळलेलं साधं पाणी आणि काच धुवायच्या द्रवाचे थोडे थेंब पुरे. भांड्यांच्या साबणाने आणि पावडरने नोझल तुंबतात.

मागचा वायपर

हॅचबॅक, एसयूव्हीवाल्यांनी तो विसरू नये. मागच्या काचेवर चिखल सगळ्यांत जास्त उडतो. तिथला आर्म बहुधा प्लास्टिकचा असतो आणि पूर्ण उभा राहत नाही, म्हणून जितका उचलला जाईल तितकाच उचला. ब्लेड आर्मपासून बाहेरच्या बाजूला फिरवत गेलं की एका ठिकाणी ते "टक" करून सुटतं. इथे पुढचं हुकचं ब्लेड चालत नाही, त्या मॉडेलचंच घ्यावं लागतं.

जुन्या ब्लेडांचं काय करायचं

काढलेल्या दोन्हींतलं जे बरं आहे ते फेकू नका. लांब असो की आखूड, वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत स्टेपनीशेजारी ठेवा, सोबत एक सुती फडकं आणि दोऱ्याचा तुकडा. माझ्या डिकीत हे पुडकं कायम असतं. त्यावर मी मार्करने दोन्ही बाजूंची मापं आणि बदलल्याची तारीख लिहून ठेवते, त्यामुळे पुढच्या मे महिन्यात टेप शोधावी लागत नाही.